नथूभाऊंच्या कानाचं माप

६ जानेवारी, सोमवार

चार महिन्यांनी आज अंगणातल्या शेडचं कुलूप निघालं. चावी फिरेना, शेवटी खोबरेल घातलं.

महूहून अश्वजित आला होता, जुनी पांढरी गाडी घेऊन. सोबत त्याचे वडील नथूभाऊ. नथूभाऊ फौजेत तोफखान्यात होते. रिटायर झाल्यावर आमच्या मिलच्या गेटवर लागले आणि हे आत लूमवर, तेव्हापासूनची ओळख. मिल बंद पडून जमाना झाला. ओळख तशीच आहे, फक्त आता नथूभाऊंना ऐकू येत नाही आणि ह्यांना दिसत नाही. दोघं समोरासमोर बसले की मला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागतं.

अश्वजित म्हणाला, "जय भीम काकू. काका, एक काम होतं. बाबा फोन कानाला लावतात, तर नुसती खरखर. कानाचं मशीन घेऊन दिलं, ते ड्रॉवरमध्ये पडलंय."

"शिट्टी मारतं ते!" नथूभाऊ इतक्या जोरात बोलले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"गाडीत ब्लूटूथवर थोडं-थोडं समजतं त्यांना. पण स्पीकर आहेत दाराच्या खालच्या कोपऱ्यात, पायाशी. धम्मदीनाताई मस्कतहून दर रविवारी बाबांना फोन करते. ती बोलते आणि हे वाकून पायाकडे कान नेतात. मला बघवत नाही, काका. स्पीकर वर घ्यायचा, त्यांच्या कानाकडे तोंड करून. कार डेकोरवाले बोलले, दाराच्या आतलं असं तयार पॅड येत नाही, फायबरचं बनवावं लागेल. मग मला झांकीवाले काका आठवले."

झांकीवाले काका म्हणजे हे. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आमच्या मिलची जी झांकी, म्हणजे चित्ररथ, निघायची, तिच्यातले देव, राक्षस, हत्ती, सगळं ह्यांच्या हातचं. आधी कागदाच्या लगद्याचं, पुढे फायबरग्लासचं. कुणी शिकवलं नाही. बघून-बघून, बिघडवून-बिघडवून शिकले. मी देवांचे कपडे शिवायची, तेवढाच माझा हात.

मला वाटलं होतं, हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "छब्बीस जनवरीला घेऊन जा भिया, फर्स्ट क्लास."

डॉक्टरांनी सांगितलंय की डोळ्यांच्या मधोमध जे धुकं आलंय ते आता जाणार नाही, फक्त कडेकडेचं दिसत राहील. परवा हे म्हणाले, "तुझा चेहरा दिसत नाही मला, पण कानातले दिसतात." गेल्या दिवाळीत स्कूटर विकली. पेपर बंद केला. आमचा मुलगा निशांत हैदराबादहून सारखा म्हणतो की शेड काढून टाका आणि इकडे या. ह्यांनीही त्याला कबूल केलंय, एखादं काम गिऱ्हाइकाकडून परत आलं की त्या दिवशी शेड बंद.

मिल बंद पडली तेव्हा हे तीन महिने कुणाशी बोलले नव्हते. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ते दिवस मला परत नकोत. देवा, हे काम परत येऊ देऊ नकोस.

९ जानेवारी, गुरुवार

आज माप घेतलं. ह्यांची मापाची रीत निराळी आहे. टेप नाही, सुतळी. झांकीत देवाची नजर बसवताना देवाच्या डोळ्यात खिळा ठोकायचा, त्याला सुतळी बांधायची आणि रस्त्यावर जिथं माणसं उभी राहणार तिथपर्यंत ताणत न्यायची. सुतळी माणसाच्या डोळ्याला भिडली की मान पक्की करायची. म्हणून ह्यांचे देव सगळ्यांकडे बघायचे. लोक म्हणायचे, शामरावचा गणपती घरापर्यंत बघत येतो.

तसंच आज केलं. नथूभाऊंना गाडीत डाव्या सीटवर बसवलं. हे म्हणाले, "नथूभाऊ, माप घेतोय, हलू नका." तर ते एकदम ताठ. छाती पुढे, हनुवटी वर, हात मांड्यांवर, श्वाससुद्धा रोखलेला. मी हसले तर डोळ्यांनी दटावलं मला. मी सुतळीचं एक टोक त्यांच्या कानाशी धरलं, ह्यांनी दुसरं दारावर. स्पीकर बसायची लाकडी रिंग त्या सुतळीच्या रोखानं तिरकी धरली आणि मागे काड्या लावून चिकटवली. हे सगळं बोटांनी चाचपत करत होते. मी नुसती बघत राहिले.

मग अश्वजितनं दाराचं पॅड उतरवून शेडमध्ये ठेवलं. माझं काम नंतर. रिंगवरून होजियरीचं कापड ताणून दाराच्या पॅडला चिकटवायचं, सुरकुती न पडता. ते मला येतं. खांद्याला बाही बसवणं आणि हे, फार फरक नाही.

११ जानेवारी, शनिवार

कापडाला रेझिन पाजलं. रेझिन म्हणजे एकतारी पाकासारखं, आणि त्यात हार्डनर घालायचं म्हणजे विरजण लावल्यासारखं. लागलं की तासाभरात कापडाचा दगड होतो. मग तो वाकत नाही, वळत नाही, चुकलं असेल तर कापायचं आणि पहिल्यापासून सुरू.

ह्यांनी ब्रश मारला. दोन ठिकाणी कोरडं राहिलं. ते अंघोळीला गेले तेव्हा मी भरून घेतलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अश्वजित तिळाच्या गजकचा डबा घेऊन आला, ट्रायल बघायला. हे आत चहाला बसले. मी पॅड दारावर नुसतं अडकवून बघत होते. नथूभाऊ सीटवर बसल्या-बसल्या झोपी गेलेले, मान छातीवर, पाठ घसरलेली, निम्मे सीटखालीच गेलेले.

मला काय सुचलं कोण जाणे, मी रिंगच्या मधोमध सुतळी लावून सरळ ताणली. ती नथूभाऊंच्या टोपीवरून सरळ मागच्या काचेकडे गेली. कानापासून चांगली वीतभर वर.

म्हणजे धुक्यानं घात केलाच.

"काकू, वर जातेय ना?" अश्वजित मागे येऊन उभा होता.

"हळू बोल रे बाळा. त्यांना सांगू नकोस. बरोबर आहे म्हण. मी बघते."

"तुम्ही कसं बघणार, काकू?"

"ते मलाही माहीत नाही. तू फक्त बरोबर आहे म्हण."

तो आत गेला. चांगला अर्धा तास ह्यांच्याशी बोलत बसला. बाहेर आला तर चेहरा असा, जणू काही गिळून आलाय. जाताना माझ्या पाया पडला. संक्रांतीला पाया पडायची त्यांच्याकडे पद्धत असेल.

१५ जानेवारी, बुधवार

आज एक बरं झालं. जेवण झाल्यावर हे म्हणाले, "हल्ली दुपारी फार झोप येते मला. आता रोज पडत जाईन जरा." लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, हा माणूस कधी दुपारी झोपला नाही. वय झालं, दुसरं काय. पण माझ्या पथ्यावरच पडलं.

ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी शेडमध्ये. रिंगभोवतीचं फायबर कापायला करवत शोधली, तर नवं पातं चढवून खिळ्यालाच टांगलेलं. कधी चढवलं होतं कोण जाणे.

करवत चालवताना फार आवाज होतो. भीती वाटत होती, पण आतून ह्यांचं घोरणं करवतीपेक्षा मोठं. तेही नवीनच. पूर्वी घोरत नसत.

नवऱ्याच्या हातचं काम कापणं म्हणजे काय, ते आज कळलं. प्रत्येक फेऱ्याला वाटत होतं, ह्यांचं बोट कापतेय. रिंग निघाली तेव्हा मी तिथंच स्टुलावर बसून रडून घेतलं. मग उठून परत काड्या लावल्या, या वेळी खाली रोख धरून. झोपलेल्या नथूभाऊंचा कान डोळ्यांसमोर आणला आणि त्या उंचीला सुतळी बांधली शेडमधल्या खुर्चीला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी हे सियागंजच्या बाजारात गेले, शेजारच्या यशवर्धनच्या रिक्षात बसून. रेझिन आणलं, घासायचा कागद म्हणजे रेगमाल आणला, तोंडाला बांधायचे दोन मास्क आणले आणि रबरी हातमोजे. हातमोजे इतके लहान की ह्यांचा अंगठासुद्धा आत जाईना. मी म्हटलं, "दुकानदारानं गंडवलं तुम्हाला." तर म्हणे, "हाँ यार, गडबड हो गई. राहू दे आता, परत कोण जातंय." मला बरोब्बर बसले. फुकट जाण्यापेक्षा मी वापरते.

पोहे खाताना हे आपले स्वतःशीच बोलत होते. मोठ्यानं बोलायची नवी सवय लागलीय. "पाव किलो रेझिनला चहाचा अर्धा चमचा हार्डनर. थंडीचे दिवस असले तर पाऊण. सावलीत काम असलं तरी पाऊणच. काचेच्या धाग्यांचं मॅट लावताना ब्रश घासायचा नाही, ठोकायचा. थोपटायचा. लेकरू निजवतात तसं. हवेचा फुगा राहिला की तिथं पुढे फुटतं."

मी म्हटलं, "कुणाला सांगताय?"

"आठवतोय मी. विसरायला नको."

मी मनातल्या मनात पाठ केलं. दुपारी थोपटलं. खरंच लेकरासारखं.

२० जानेवारी, सोमवार

तीन थर झाले. हातांना काचेची कुसळं टोचतात, अंग खाजतं, रात्री बेसन लावून अंघोळ केली. पण सांगू का, मजा येतेय. ब्लाउज शिवून झालं की ते दुसऱ्याच्या अंगावर जातं आणि पुढे फाटतं. हे दगडासारखं उभं राहतं. बोटांनी वाजवलं तर टण् करतं.

लगेच वाटलं, मला मजा कशी येते? त्यांचं काम चोरून करतेय मी, आणि वर मजा.

निशांतचा फोन आला. "आई, बाबांचं काम कसं चाललंय?"

"झकास."

"खरं सांग."

"खरंच झकास. तू बघशील तेव्हा बघ."

हे बाजूलाच बसले होते. आता मी ही वही त्यांच्यासमोरच लिहिते, लपवायचं कशाला, त्यांना कुठं वाचता येतंय. तोंडावर हसू होतं त्यांच्या. पोराचा आवाज ऐकून असेल.

झोप आता दोन-अडीच तासांवर गेलीय. डॉक्टरांना विचारायला हवं.

२२ जानेवारी, बुधवार

घात झाला.

काल दुपारी घाईघाईत वरचा थर दिला आणि हार्डनर घालायचंच विसरले. दारावर दूधवाल्याची हाक आली होती, त्या गडबडीत. आज सकाळी हात लावला तर चिकट. गुळाच्या ढेपेला ऊन लागल्यावर होते तसं. रेगमाल मारला तर लगदा. परवा रेक्झिन चढवायचंय, रविवारी गाडी न्यायला येणार.

तासभर नुसती बसून राहिले. विचारायचं तर ह्यांनाच. आणि विचारलं की सगळं उघडं. उघडं पडलं की हे शेडला कुलूप लावणार आणि भिंतीकडे तोंड करणार. काम परत येण्यापेक्षाही वाईट. बायकोनं कापून नव्यानं केलं म्हणजे काय राहिलं?

मग मला युक्ती सुचली. दुपारी आत गेले. हे पडले होते, पण जागे होते. मी पायाशी बसले, पाय चेपायला लागले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, ते एका वर्षी नव्हतं का तुमच्या हत्तीचं झालं? हार्डनर राहून गेलं होतं? काय केलं होतं हो तुम्ही तेव्हा?"

हे म्हणाले, "हत्तीचं? हां. हत्तीचं. झालं होतं खरं. वरचाच थर ना?"

"वरचाच असेल."

"मग काही बिघडलं नव्हतं. पत्र्याच्या तुकड्यानं तेवढा थर खरवडून काढला. ॲसिटोननं फडकं ओलं करून पुसला, दोनदा. ॲसिटोन खिडकीतल्या काळ्या बाटलीत आहे... होतं तेव्हा. मग नवीन हात दिला, पाऊण चमच्यानं, आणि उन्हात ठेवला. शेडच्या मागे नाही, पुढे, दीड ते चार तिथं ऊन असतं."

"बरं झालं बाई, हत्ती वाचला."

"वाचला. बायाबापड्यांनी घाबरू नये इतक्यानं." असं म्हणून कूस बदलली आणि लगेच घोरायला लागले.

काळी बाटली खिडकीतच होती, हत्तीच्या वेळची. अजून भरलेली. ऊनही त्यांनी सांगितलं तिथंच होतं. चार वाजता टण् वाजलं. मी किती हुशार निघाले, त्यांना पत्तासुद्धा लागला नाही!

२४ जानेवारी, शुक्रवार

पुट्टी झाली, घासून झालं, रेक्झिन चढलं. काळं, बारीक दाण्याचं. वळणावर ते खेचताना मला माझी पहिली नऊवारी आठवली, नेसवणारीनं अशीच दमानं खेचली होती. एकही चुणी नाही.

संध्याकाळी ह्यांच्या हातात पॅड दिलं, म्हटलं, "घ्या, तुमचं काम, मी फक्त रेक्झिन लावलं."

ह्यांनी मांडीवर घेतलं. दहाही बोटं फिरवली, कडेनं, रिंगभोवती, खालपर्यंत. खाली एका जागी बोट थांबलं. परत वर गेलं, परत तिथं आलं. तोंड उघडलं. मिटलं.

"काय हो?"

"काही नाही. ठीक आहे." आणि उठून गेले. जेवताना बोलले नाहीत. रात्री खूप वेळ जागे होते.

रिंग खाली आलीय हे बोटांना कळलं असेल का? कळलं तर बोलले असते. हा माणूस कामातली चूक पोटात ठेवणारा नाही. मिठाचा खडा जास्त झाला तर घर डोक्यावर घेतो.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी साडेदहाला गाडी आली. नथूभाऊ झेंडावंदनाहून थेट, कोटावर मेडलं, बूट आरशासारखे. अश्वजितनं पॅड बसवलं, तारा जोडल्या. हे फाटकाजवळ उभे होते, मान जरा तिरकी करून, कडेनं बघत.

नथूभाऊ सीटवर बसले. पहिली दोन मिनिटं ताठ, मग हळूहळू घसरले, जिथं नेहमी असतात तिथं. अकराला धम्मदीनाचा फोन आला. अश्वजितनं बटण दाबलं.

"बाबा, जय भीम. ऐकू येतंय का?"

ते वाकले नाहीत. मी बघत होते, पायाकडे अजिबात गेले नाहीत. दाराकडे नुसती मान वळवली, जसं शेजारी कुणी बसलंय. म्हणाले, "हाँ बेटा. बोल. ओरडू नकोस, इथंच तर आहेस."

तिकडे ती पोरगी हसत होती की रडत, ते दोन्ही ऐकू आलं त्यांना. बारा मिनिटं बोलले. तिच्या ड्युटीचं, तिच्या गुडघ्याचं, तिथल्या कांद्याच्या भावाचं. अश्वजित गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

फोन झाला. नथूभाऊ उतरले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि माझ्या कानाशी तोंड आणून हळूच बोलले. म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळूच. आमच्या गल्लीतली सगळी दारं उघडी होती, सगळ्यांनी ऐकलं असणार.

"वहिनी! शामराव फोनवर अश्वजितला बोलला, त्यानं मला लिहून दाखवलं! सगळं काम तुमचं आहे! तो दुपारी झोपत नाही, पडून तुमची करवत ऐकतो! पण तुम्हाला कळू द्यायचं नाही! मी कुणाला बोलणार नाही!"

अश्वजितनं कपाळाला हात लावला. "बाबा..."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघवेना. वाटलं, संपलं. आता आत जातील, खाटेवर बसतील आणि पाठ फिरवतील. पायांचा आवाज आला. बॉनेटवरून हात सरकवत, सरकवत हे गाडीच्या डाव्या दारापर्यंत आले. दार उघडलं. रिंगच्या खाली एका जागी बोट टेकवलं.

"इथं खड्डा आहे," म्हणाले.

"काय?"

"खड्डा. पुट्टी कमी पडलीय. आणि ह्या कडेला दोन थर एकावर एक आलेत, तिथं जाड लागतं. आणि रेक्झिन वळणावर खेचलंस ते छान, पण शेवट आत घ्यायला हवा होता, उन्हाळ्यात सुटेल. आणि त्या दिवशी करवत उलटी धरलीस, आवाजावरूनच कळलं मला, पातं मोडलं असतं. दोन दिवस हा खड्डा पोटात घेऊन बसलोय मी. झोप नाही रात्रीची."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? झोपलो होतो ना मी!"

नथूभाऊंना काय झालं ते कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. मी हसत होते की काय करत होते, मला सांगता येणार नाही.

"आणि अजून एक," हे थांबेनात. "माप माझं चुकलं नव्हतं. हा फौजी सावधान होऊन बसला होता. त्या मापाला तो ताठ बसला असता तर कान बरोब्बर होता. तू माझ्या डोळ्यांवर घातलंस."

मी कबूल केलं. तेही खरंच होतं.

पुढच्या रविवारी गाडी परत यायची आहे, खड्डा भरायला. काम परत आलं म्हणजे शेड बंद, असं ठरलं होतं, त्याची आठवण मी करून दिली नाही. निशांतला तर नाहीच.

दुपारभर मी तो खड्डा शोधला. अश्वजितनं मोबाईलचा टॉर्च मारला, त्यालाही दिसला नाही. ह्यांनी माझं बोट धरून त्या जागेवर नेलं, "इथं. आता लागला?" मला सपाट लागलं. "डोळे मीट," म्हणाले. मिटले. तरी सपाटच. "परत. हळू. तांदळात खडा शोधतेस तशी." चार वेळा नेलं. मला अजून लागलेला नाही. ते म्हणतात आहे.